गंज नसलेलं घर

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे ऑक्साईड म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं त्याला, नाही असं नाही, पण त्या नावाने कोणी हाक मारली की तोच आधी इकडेतिकडे बघायचा. गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या तयार करणारं ते वर्कशॉप. वेल्डर लोखंड जोडायचा, पेंटर रंगवायचा, आणि या दोघांच्या मधलं जे काम, ज्याचं आजवर कोणी कौतुक केलं नाही आणि पुढेही करणार नाही, ते याच्या वाट्याला. लोखंडावरचा गंज तारेच्या ब्रशने घासायचा, कोपऱ्यातला पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा आणि त्यावर रेड ऑक्साईडचा, म्हणजे गंज धरू नये म्हणून मारतात त्या तांबड्या रंगाचा, हात द्यायचा. मग पेंटर येऊन वर काळा नाहीतर हिरवा चढवणार. गिऱ्हाईक म्हणणार, वा, काय रंग लागलाय! पेंटर मान डोलावणार. हा तोवर पुढचं गेट ओढायला गेलेला.

संध्याकाळी उजवा हात असा भरून यायचा की चहाचा कप उचलायला डाव्याची मदत लागायची. नखांत तांबडा, भुवयांत तांबडा, कानाच्या मागे तांबडा. बायको म्हणायची, "तुम्हाला धुवायचं की वरून हिरवा मारायचा, एकदाचं ठरवून टाका."

बायकोचंही काही निराळं नव्हतं. शर्टांच्या कारखान्यात तयार शर्टांचे लोंबते धागे कापायचं काम. दिवसभर मान खाली, डोळे शिवणीवर. घरी कोणाच्याही बाहीला धागा दिसला की बोलता बोलता तिची बोटं कात्रीसारखी मिटायची. संध्याकाळी ही दोघं समोरासमोर बसली की कोणीतरी दोन ओझी भिंतीला टेकवून निघून गेलंय असं वाटावं. त्यांच्या मधून त्यांची दीड वर्षाची मुलगी फिरायची. ती एका जागी ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. सगळ्या घरातली ताकद त्या एकटीने घेतली होती.

तर, प्रश्न भिंगरीच्या डोसाचा होता.

धनुर्वाताची लस असते त्या डोसात, सोबत आणखी दोन रोगांची. तान्हेपणीचे तीन झाले होते. आता पुढचा, दीड वर्षाचा, द्यायची वेळ झाली होती, नव्हे, होऊन गेली होती. वस्तीतल्या दवाखान्याच्या नर्सबाईंनी निरोप पाठवला. नवरा बायकोला म्हणाला, "काय करायचं?" बायको म्हणाली, "बघू." पुन्हा निरोप आला. या वेळी बायकोने विचारलं आणि नवरा म्हणाला, "बघू." या शब्दाचा एक गुण आहे, तो म्हणायला अजिबात ताकद लागत नाही. दमलेल्या माणसाला एवढा सोयीचा शब्द दुसरा नाही. त्यांच्या घरी तो मिठासारखा हाताशी असायचा.

पण नुसतंच दमलेपण नव्हतं. तिसऱ्या डोसाच्या संध्याकाळी भिंगरीला ताप चढला होता. ऑक्साईडने तिला मांडीवर घेतलं होतं, बायको पाणी आणायला आत गेली होती. आणि एकाएकी पोरीचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं, हातपाय झटके देऊ लागले. मिनिटभर असेल. बायको बाहेर येईतो पोर शांत होऊन त्याच्या मांडीवर सैल पडली होती, आणि हा पाचावर धारण बसल्यासारखा तिच्याकडे बघत होता. धावतपळत दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तापाने येतात लहान मुलांना असे झटके. पोरगी ठणठणीत आहे. पुढच्या वेळी मात्र आधी सांगा." त्यानंतर भिंगरीला कधी झटका आला नाही. दुसऱ्याच दिवशी ती पूर्वीसारखी लाथा झाडत होती. पण बापाच्या डोळ्यांपुढून ते मिनिट हललं नाही ते नाहीच.

त्याचं कारण त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्याला एक थोरला भाऊ होता. होता म्हणजे, याच्या जन्माच्या आधी होता. घरात त्याच्याबद्दल फार बोलत नसत. गंजका खिळा लागला, धनुर्वात झाला, गेला, एवढंच. अंग ताठ झालं होतं, दातखीळ बसली होती, हेही वडिलांच्या तोंडून एकदा ऐकलेलं. वडिलांनी त्यानंतर घरातला एकूण एक खिळा उपटून फेकला होता. ज्या घरात ऑक्साईड वाढला त्या घराच्या भिंतीवर ना आरसा, ना कॅलेंडर, ना शर्ट. वडील गेले, याने आपला संसार थाटला, आणि कोणी न सांगता इथेही तेच सुरू झालं. शर्ट खुर्चीच्या पाठीवर, आरसा फळीवर टेकवलेला. बायकोने लग्नानंतर एकदा खिळा मागून पाहिला, याचा चेहरा बघितला आणि नाद सोडला. गंज घासायचं काम मिळालं म्हणून धरलं, असं तो सांगायचा. असेलही. पण गंजावर तो ज्या रागाने ब्रश चालवायचा तो काही पगारात बसणारा नव्हता.

म्हणून, पोरगी मांडीवर ताठ झाली तेव्हा त्याच्या मनात आलं ते एवढंच: हे तर तेच. ज्या रोगाची लस, तोच रोग त्या लसीने माझ्या पोरीच्या अंगात आणून सोडला.

मग त्याने आपल्या परीने उपाय काढला. आणि उपाय असा की हसावं की कपाळाला हात लावावा कळू नये. धनुर्वात होतो गंजाने. गंज आपण ओळखतो, आपल्याइतका कोणी ओळखत नाही. तर घरात गंजच ठेवायचा नाही! मग लस कशाला हवी? वर्कशॉपमधून उरलेला ऑक्साईड डब्यात घालून तो घरी आणू लागला. खिडकीचे गज झाले, दाराची कडी झाली, बिजागऱ्या झाल्या, खाटेचे पाय झाले. बादलीची मूठ, खुर्चीचे स्क्रू, न्हाणीतल्या नळाची मान. आठ तास दुसऱ्याचा गंज खरवडून आलेला माणूस घरी येऊन आपला खरवडत बसायचा. बायको म्हणायची, "अहो, जरा पडा." तो म्हणायचा, "एवढी बिजागरी झाली की." घर तांबडं दिसू लागलं. भिंगरीचे तळवे तांबडे, बायकोच्या साडीला तांबडा.

आणि वर शिवाय त्याचं असंही म्हणणं होतं की, लागलंच कधी पोरीला, तर लगेच इंजेक्शन घेऊ. वर्कशॉपचा शिरस्ताच होता तो. कोणाला पत्रा लागला की मिस्त्री फडक्याने हात बांधायचा आणि दवाखान्यात पाठवायचा, "जा रे, धनुर्वाताचं घेऊन ये." लागल्यावर घ्यायची गोष्ट ती. न लागता घ्यायची म्हणजे भूक नसताना जेवायला बसण्यासारखं.

नर्सबाई एक दिवस स्वतःच दारात आल्या. उन्हातून हिंडून त्यांचाही चेहरा उतरला होता. उंबऱ्यावर टेकत म्हणाल्या, "दादा, निरोप पोचत नाहीत का?"

"पोचतात ना," ऑक्साईड म्हणाला. "पण आमच्या घरात गंज नाही, बाई. हात फिरवून बघा कुठेही."

नर्सबाईंनी खरंच खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं. मग त्या बोटाकडे बघत म्हणाल्या, "काम सुरेख आहे हो तुमचं. पण गंजाचं काय घेऊन बसलात? हा रोग मातीत असतो. धुळीत, जनावरांच्या शेणात. खिळा मातीत पडलेला असतो म्हणून खिळ्याचं नाव होतं."

"लागलं तर घेऊ की लगेच."

"लागलेलं दिसलं तर घ्याल. आणि दिसलंच नाही तर?"

यावर त्याला रागच आला. बायकोने मधे पडून म्हटलं, "आणतो, बाई. बघतो." नर्सबाईंनी तो शब्द दारोदार ऐकला असणार. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि शेजारच्या दाराकडे गेल्या.

त्याच सुमाराला त्याची आई राहायला आली. भिंगरीला दिवसा सांभाळणारी शेजारीण दुसरीकडे राहायला गेली होती, आणि घरात बसायचं कोणी हा प्रश्न होता. आई आली ती एक कापडी पिशवी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन. आत पाऊल टाकून तिने चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "पिशवी कुठे अडकवू?"

"खुर्चीवर ठेव ना, आई."

"बापाचा मुलगा तो," ती सुनेला म्हणाली आणि पिशवी खुर्चीवर ठेवली. भिंगरीने ती तिथल्या तिथे उलटी केली. हे पुढे रोजचं झालं.

पेटी मात्र घरात आलीच नाही. तळाला, कडांना, कुलपाच्या कोयंड्याला गंजाचे पापुद्रे सुटले होते. ऑक्साईडने ती बघितली आणि दारातच अडवली. "हिला आधी घासतो." आई म्हणाली, "घास बाबा." पेटी ओट्यावर राहिली, आईची लुगडी गाठोड्यात.

सुट्टीच्या सकाळी तो ओट्यावर पेटी उलटी घालून बसला. बायको आत कपडे धूत होती. आई दारातल्या उजेडात भिंगरीच्या झबल्याला बटण लावत होती. भिंगरी पुढच्या मातीत बसून दोन्ही हातांनी माती उकरून डोक्यावर घेत होती. नर्सबाईंचं बोलणं ऐकल्यापासून त्याला ते बघवत नव्हतं आणि तिला उचलून ठेवावं तर ती दुसऱ्या क्षणी पुन्हा तिथेच. पृथ्वीवरच्या मातीला ऑक्साईड कसा मारणार? तो ब्रश जोराने चालवत राहिला.

"किती घासशील?" आई म्हणाली. "भोक पडेल तिला."

"पडू दे."

"गंजाने तुझं काय घोडं मारलंय?"

त्याने वर बघितलं. "आई, हे तू विचारतेस? दादाला काय झालं होतं?"

"काय झालं होतं?"

"खिळा नाही का लागला? गंजका?"

आईने दोरा दाताने तोडला. "कुठला खिळा?"

तारेचा ब्रश पत्र्यावर तसाच राहिला.

"काडी टोचली होती त्याला," आई म्हणाली. "झाडूची काडी. अंगणात खेळत होता असाच. इथे," आणि तिने हातातली सुई आपल्या पायाच्या अंगठ्याजवळ नेऊन दाखवली. "मी सुईनेच काढली. रक्तसुद्धा आलं नाही धड. लगेच पळाला खेळायला. आठवडाभर काही नाही. मग एका सकाळी म्हणाला, आई, तोंड उघडत नाही."

"मग खिळा कुठून आला?"

"दवाखान्यात विचारलं, काही लागलं होतं का, खिळा वगैरे? तुझे बाबा हो म्हणाले. ते दिवसभर कामावर, त्यांना काय ठाऊक. पण घरी येऊन पक्कड घेतली नि सगळे खिळे उपटले. मी म्हटलं, उपटू दे. माणसाला काहीतरी उपटून फेकता आलं पाहिजे ना रे. काडी कुठे शोधणार होते? अंगणभर काड्या."

आयुष्यभर ज्याच्याशी भांडत आलो तो त्या जागी नव्हताच, असं कळल्यावर माणसाने हात कुठे ठेवावेत? त्याने ब्रश खाली ठेवला. मग विचारलं, "दादाला टोचलं नव्हतं? लस?"

"एकदा टोचली होती. मांडी सुजली, रात्रभर रडला. पुढच्या वेळी म्हटलं, जरा सूज उतरू दे. मग तुझ्या बाबांची पाळी बदलली. मग ती टोचणारी बाई बदलली. राहून गेलं."

"बाबा नको म्हणाले?"

"नको कोण म्हणेल?" आईने सुई झबल्यात खोचली. "राहून गेलं."

ती हे रडत सांगत नव्हती. रडून झालं होतं केव्हाच. तिचा आवाज अगदी सपाट होता. कोणी नको म्हटलं नव्हतं. त्या घरात कोणी वाईट नव्हतं, अडाणी हट्ट धरून बसलेलंही कोणी नव्हतं. फक्त दमलेली माणसं होती आणि उद्या बघू म्हणत होती. आणि ते घर आणि हे घर यांत काय फरक होता?

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. भिंगरी मांडीवर ताठ झाली तेव्हा आपल्याला कोण दिसलं, तेही सांगितलं. बायको ऐकत होती. त्याच्या बाहीचा एक धागा ती बोटाला गुंडाळत होती.

"मला वाटलं, तुमचं मन नाही," ती शेवटी म्हणाली. "म्हणून मी विषय काढत नव्हते."

"मला वाटलं, तुझं नाही."

"माझं नाहीच आहे. मला भीती वाटते." तिने धागा तोडला. "पुन्हा तसं झालं तर?"

"झालं तर मी धरीन तिला."

"गेल्या वेळीही तुम्हीच धरली होती. आणि हात तुमचेच कापत होते."

"कापतील," तो म्हणाला. "कापत्या हाताने धरीन. पण राहून गेलं असं मला म्हणायचं नाही गं कोणाला."

रात्रीचं जेवण वाढताना तिने विचारलं, "उद्या सुट्टी कोण टाकतंय, तुम्ही की मी?" दोघांनीही टाकली. मिस्त्री वैतागला, "गेट काय तुझी पोरगी घासणार?" असंही म्हणाला, पण ते तेवढंच.

दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या त्याला घाम फुटला. आपला नंबर आला तसा तो आधीच बोलून मोकळा झाला, "हिला मागच्या वेळी झटका आला होता." डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. ताप होता का, किती वेळ होता, नंतर कधी आला का, घरात कोणाला फिट येते का. मग म्हणाल्या, "देता येईल. ताप कमी येतो अशी लस आहे, ती देऊ. तरी ताप आला तर हे औषध. झटका आलाच, तर कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका, आणि थेट इकडे या. समजलं?" त्याने मान हलवली. बायकोने सगळं पुन्हा एकदा म्हणायला लावलं. आणि मग तिसऱ्यांदा. डॉक्टरीणबाईंनी म्हटलं.

नर्सबाईंनी सुई भरली. भिंगरी बापाच्या मांडीवर. त्याने तिचे हात धरले, तांबड्या नखांच्या त्या हातांत तिचे हात दिसेनासे झाले. सुई गेली, भिंगरीने दवाखाना डोक्यावर घेतला, आणि झालं. एवढंच. नर्सबाई कापूस दाबत म्हणाल्या, "पुढचा शाळेत घालायच्या वेळी. तेव्हा मला दारात बोलवू नका." पण हसल्या.

दुपार कलली तसा ताप आला. तो येणार हे माहीत असूनही दोघं घाबरलीच. औषध दिलं. भिंगरी आजीच्या मांडीवर, बाप पायाशी, बायको उशाशी. कोणी चहा केला नाही, कोणी दिवा लावायला उठलं नाही. ऑक्साईड तिच्या डोळ्यांकडे बघत होता. जरा पापणी हलली की तो पुढे वाकायचा. कितीदा त्याच्या मनात आलं, कशाला नेली, चांगली खेळत होती. एकदा त्याने ते बोलूनही दाखवलं. तेव्हा आई म्हणाली, "मलाही तेच वाटलं होतं. लस टोचली त्या रात्री, थोरल्याला मांडीवर घेऊन. म्हटलं, पुन्हा हे नको." आणि एवढा वेळ सपाट असलेला तिचा आवाज तिथे अडकला. सुनेने पुढे होऊन सासूच्या पाठीवर हात ठेवला.

दिवेलागणीला भिंगरीच्या मानेला घाम सुटला. कपाळ निवलं. तिने डोळे उघडले, तिघांकडे रागाने बघितलं आणि दूध मागितलं. बायको आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. नळ उगाचच सुरू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी टोचलेला पाय जरासा ओढत खुर्चीपाशी गेली आणि तिने आजीची पिशवी उलटी केली. चष्म्याचं घर, गोळ्या, रुमाल, सगळं जमिनीवर. ऑक्साईड कामावर निघाला होता. तो दारातून परत फिरला, पायातल्या चपलेसकट आत आला, खिशातून एक खिळा काढला आणि बत्ता घेऊन भिंतीत ठोकला. सवय नाही, खिळा वाकडा गेला. त्याने तसाच राहू दिला.

आईने पिशवी भरली. खिळ्याला अडकवली. हलवून बघितली. मग त्याच्याकडे न बघता विचारलं, "पुढचा केव्हा म्हणाली ती बाई?"

"शाळेत घालायच्या वेळी."

"मी असेन नसेन तेव्हा," आई म्हणाली. "राहून जाऊ देऊ नकोस."

"नाही जाऊ देणार," तो म्हणाला, आणि मिस्त्री काय म्हणेल याचा विचार करत कामाला निघाला.